वळसंग रस्त्यावरची फटफटी

सोलापूर,
ता. ४ जानेवारी १९३३

प्रिय बिरप्पा,

आपली फटफटी चालू झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू पत्र फाडणार नाहीस.

तू कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यावर पहारेकरी म्हणून निघून गेलास, तेव्हा मी तिचे तुकडे गोणपाटात बांधून आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर टाकले होते. तिच्याकडे बघवत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात कशी कोण जाणे, हिंमत झाली आणि गाठ सोडली. टाकी चेपलेली, हँडल वाकलेलं, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा नुसता चुरा. मॅग्नेटो मुंबईच्या भंगारातून मागवला. इंजिनाच्या पेटीला गेलेली चीर गिरणीतल्या फिटरकडून पत्रा ठोकून बुजवली, तरी अजून तेल गळतंच. पहिल्यांदा पेटली तेव्हा किक अशी उलटली की मी भिंतीवर आपटलो आणि कपाळ फुटलं. रक्त पुसत एकटाच हसत बसलो. तू असतास तर तिला म्हणाला असतास, "जीव घेतीस व्हय गं भवाने?"

आठवतं का, पुण्याच्या लिलावात लढाईतल्या मोडक्या गाड्यांच्या ढिगात तू हिच्यापाशीच का थांबलास ते? पलटणीत असताना इराकच्या वाळूत असलीच एक तू मैलोन्‌मैल ढकलली होतीस. म्हणालास, "हिला मी वळखतो. लई खोडील हाय, पर दगा देत न्हाय." दगा तिनं रोज दिला. पट्टा घसरायचा म्हणून आपण मोटेचं चामडं कापून नवा पट्टा शिवला. पहिल्यांदा वळसंगला नेली तेव्हा मेंढरं अशी उधळली की तुझेच भाऊबंद काठ्या घेऊन मागे लागले, आणि तुझी आई अंबुबाई मात्र गरम नळीनं भाजलेल्या आपल्या दोघांच्या पोटऱ्यांना हळद लावत पोट धरून हसत होती. त्या माउलीला तेव्हा कुठे ठाऊक होतं पुढचं.

पुढचं तुला मी सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण तुझ्या मनात आता फक्त तो घण उरला असेल. लॉरीवाल्या चनबसप्पाच्या पोरानं, कल्लप्पानं, कोरी करकरीत मोटारसायकल आणली आणि चारचौघांत पैज लावली. वळसंगपासून सोलापूरपर्यंत तू त्याला धूळ चारलीस. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं आणि एकजण त्याच्या तोंडावर म्हणाला, "मेंढरामागं फिरणाऱ्यानं हरिवलं की रं!" ते त्याला पचलं नाही. भर दुपारी दोन माणसं घेऊन तो दुकानात आला. माझ्या डोक्यात पहार बसली. डोळ्यांत रक्त उतरत होतं, तरी मी पाहिलं. दोघांनी तुला गुडघ्यांवर दाबलं, उजवा हात ऐरणीवर पसरला आणि कल्लप्पानं स्वतः घण उचलला. तू ओरडला नाहीस. ओरडलो मी. मग त्यांनी गाडी फोडली. सगळी पेठ दारातून बघत होती, आणि कोर्टात मात्र कोणाला काही दिसलं नव्हतं.

आता मागच्या महिन्यातलं ऐक.

दुपारी फटफटी वळसंगच्या रस्त्याला काढली. कुंभारी गावाच्या पुढे छोट्या पुलाजवळ पट्टा सुटला. मी पान्हा घेऊन खाली बसलो होतो. मागून कल्लप्पा आला, तीच त्याची गाडी, तोच वेग. त्यानं मला ओळखलं, हिलाही ओळखलं. जाता जाता मान वळवून ओरडला, "आजून भंगारच ढकलतूस का रं, मैन्या?" मान पुढे वळायच्या आत तो पुलाच्या कठड्यावर आदळला.

मी धावलो. वाचवायला धावलो असं तुला लिहिणार नाही. पान्हा हातात होता आणि मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. तो खाली होता, गाडी त्याच्या अंगावर. थ्रॉटल उघडाच अडकल्यामुळे इंजिन किंचाळत होतं. त्याचं धोतर चेनमध्ये गेलं होतं आणि धोतराबरोबर पाय. चाक फिरत होतं तसं मांस निघत होतं, हाड दिसत होतं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. "मैनूभाई, बंद कर रं, बंद कर!" तो म्हणत होता. भाई म्हणाला मला. मी पान्हा उचलला.

आणि बिरप्पा, माझा डावा हात आपसूक खाली गेला आणि त्यानं प्लगची तार उपटली. मी ठरवलं नव्हतं. इंजिन असं ओरडायला लागलं की हात जातोच, तुझाही गेला असता. सणकून झटका बसला, इंजिन थांबलं, पण ठिणगीनं गळणारं पेट्रोल पेटलं. मग विचाराला वेळच उरला नाही. पान्हा टाकला, चाक उलटं फिरवलं, त्याला बगलेत धरून ओढलं. दोन्ही हात भाजले, ते अजून बरे नाहीत, म्हणून अक्षर असं वाकडं आहे. माझ्या सदऱ्यानं त्याची मांडी आवळून बांधली आणि मागून आलेल्या बैलगाडीत घालून इस्पितळात नेला. पाय गुडघ्यातून कापला. जगला. आता घरी आणलाय.

काल मी त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं माफी मागितली नाही. तोंड भिंतीकडे फिरवलं. तू माफीची वाट बघत असशील तर ती येणार नाही, हे मी तुला स्पष्ट सांगतो.

आज सकाळी अंबुबाई वळसंगहून चालत आल्या. पाय सुजलेले. दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मैनू, त्येनं कुऱ्हाड करून घेतलीया. गड्ड्याच्या जत्रंला येतोय म्हनं. माज्या लेकाला फासावर जाऊ देऊ नगंस." म्हणून हे पत्र. पाय गेल्याचं ऐकूनही तू थांबणार नाहीस, मी तुला ओळखतो. पण संक्रांतीच्या जत्रेभर कल्लप्पाच्या उंबऱ्यावर मी बसलेला असेन. आत जायचं तर आधी मला तोडावं लागेल. त्याच्यावर माझी माया नाही, अजिबात नाही. पान्हा उचलला तेव्हा काय वाटलं ते फक्त मला ठाऊक आहे, आणि तुलाच सांगतो. लई गोड वाटलं. त्या गोडीची मला रोज भीती वाटते, आणि तू तीच घेऊन सोलापूरला येतो आहेस. तुझा एक हात त्यानं नेला. उरलेला तू त्याच्यापायी देऊ नकोस. ये, पण आईकडे ये. माझ्याशी भांडायला ये.

वाट बघणारा, अजूनही तुझाच,
मैनुद्दीन