क्रेटच्या कडेवर पाय

आबा,

मी स्वतःच्या हातानं काय काय केलं ते आधी लिहितो, मग बाकीचं. पुठ्ठ्याचे क्रेट एकोणीस. प्लायवूडचे सहा, त्यातले दोन बिजागऱ्या लावून घडी होणारे. प्लास्टिकची शीट सरळ रेषेत वाकवायला एक तापती पट्टी, ती जुन्या इस्त्रीच्या कॉइलवर चालते. भार लावून बघायला एक तरफ, मोडक्या पहारीची. कोपऱ्यांतले खटके, कानशीनं घासून घासून केलेले, ते मोजले नाहीत, पण दोनशेच्या खाली नसतील. आणि शेवटी शीट कापून, गरम हवेनं सांधे जोडून केलेले पुरे चौदा क्रेट. आतून लांबी पाचशे चाळीस मिलिमीटर, रुंदी तीनशे साठ, उंची दोनशे नव्वद. आंबे काढून घेतले की आधी आखूड बाजू आत पाडायच्या, मग लांब बाजू, आणि सगळा क्रेट पंचाहत्तर मिलिमीटरच्या घडीत बसतो. वाशीहून परतणाऱ्या टेम्पोत जिथं शंभर रिकामे क्रेट मावतात तिथं माझे पावणेचारशे मावतील. हे सगळं दहावी झालेल्या माणसानं केलंय. कॉलेजची पायरी मी चढलो ती फक्त त्यांच्या प्रयोगशाळेचे स्टूल दुरुस्त करायला.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही असताना मी एकदा घडीची पेटी करून आणली होती. लाकडी, चार बिजागऱ्यांची. तुम्ही मांडवीच्या वाटेवरच्या त्या वखारीत बसलेले, तोंडात दोन खिळे धरलेले, समोर पेट्यांची चळत. आंब्याच्या सीझनला दिवसाला साठ पेट्या ठोकायचात तुम्ही. खिळे तोंडातून काढलेत, माझी पेटी दोनदा उघडलीत, मिटलीत आणि विचारलंत, "ही पेटी हाय का फोल्डिंगची खाट?" वखारीतल्या बाया हसून हसून पेंढ्यावर आडव्या झाल्या. एक म्हणाली, "असूंदे वो, आंबे झोपवायला बरी." मी ती पेटी तिथंच टाकून घरी आलो. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल, सीझन होता.

पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधीचा एक दिवस मला जास्त आठवतो. मी सतरा वर्षांचा. तुम्ही मला शंभर पेट्या दिल्या होत्यात ठोकायला, आणि मी लांब बाजूच्या वरच्या फळीला चाराच्या जागी तीन खिळे मारत होतो, म्हणजे लवकर आटपेल. बाहेरून काही दिसत नव्हतं. तुम्ही आलात, एक पेटी उचललीत, ठेवलीत. मारलं नाहीत, शिवी दिली नाहीत. फक्त म्हणालात, "चढ."

"कुठं?"

"हिच्या कडेवर. मधोमध पाय ठेव न् चढ, हमाल चढतो तसा."

मी चढलो. फळी सुटली, पाय पेटीत गेला आणि नडगी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलली. तुम्ही हळदीची पूडही आणली नाहीत आधी. आधी बोललात. "आंब्याला पेटी कशाला लागत्ये रे? आंबा टोपलीतनंपण जातो. पेटी लागत्ये ती वरच्या पेटीला, आणि तिच्यावर चढणाऱ्याला. त्याला शिडी कोण देणार हाय, तू?" मग शंभरच्या शंभर पेट्या मला वखारीतल्या सगळ्यांसमोर उचकटायला लावल्यात. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. तो पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. चार लोकांत करायची गरज नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. पुण्याची एक कंपनी आहे, प्लास्टिकचे क्रेट, ट्रे, पाण्याच्या टाक्या असं बनवते. त्यांचा एक इंजिनिअर गेल्या वर्षभरात तीनदा माझ्या गाळ्यात आला. हुशार माणूस आहे. मला काका म्हणतो, जे मला आवडत नाही, पण माझ्या खटक्याचं डिझाइन पहिल्या नजरेत कळलेला तो एकटाच. मी हातानं चौदा क्रेट करू शकतो, चौदा हजार नाही. त्यासाठी मोल्ड, म्हणजे साचा, लागतो, आणि मोल्डची किंमत ऐकली तर तुम्ही खिळे गिळाल. म्हणजे कंपनीनं घेतला तर माझा क्रेट जगात येणार, नाहीतर गाळ्याच्या कोपऱ्यात चौदा नग पडून राहणार आणि माझ्या मागं भंगारवाला घेऊन जाणार. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. दुसरी कंपनी येईल म्हणून वाट बघायचं वय नाही.

त्यांना डिझाइन हवं होतं, पण बदलून. मी लांब बाजूंना आतून आडव्या-उभ्या पट्ट्या दिल्यात, कारखान्यात त्यांना रिब म्हणतात. घडीच्या क्रेटची सगळी मेख तिथं आहे. जी बाजू आत पडण्यासाठीच केलेली आहे तीच बाजू वरचं ओझं पेलणार, मग तिला आत पडू न देणारं काहीतरी हवं की नको? त्यांचं म्हणणं, रिब काढा, बाजू तीनची दोन मिलिमीटर करा, नगामागं चारशे ग्रॅम माल वाचतो. आणि डिझाइन करणारा म्हणून माझी सही हवी, की वीस किलो भरून आठ थर सुरक्षित. मी म्हटलं, आधी करून बघू. त्या चौदांखेरीज त्यांच्या मापाचे अकरा क्रेट मी स्वतः केले. बायको म्हणाली, "ज्यात खोट आहे असं तुम्हालाच वाटतं, ते इतकं निगुतीनं कशाला करताय?" म्हटलं, वाईट करून पाडलं तर तो माझा विजय नव्हे.

मे महिन्यातली दुपार. पत्र्याखाली अंगाची काहिली होतेय. आठ क्रेट एकावर एक, प्रत्येकात वीस किलो वाळू, चळत साडेसात फुटांची. बाजूला तीन क्रेटची दुसरी, बुटकी चळत. इंजिनिअर खुर्ची टाकून बसलाय, मी सगळ्यात खालच्या क्रेटच्या पोटाला पट्टी लावून दर पंधरा मिनिटांनी फुगवटा मोजतोय. दोन वाजता चार मिलिमीटर. तीन वाजता सात. चारला नऊ, आणि मग तिथंच थांबतो. साडेचारलाही नऊ.

"झालं काका," तो उठून म्हणतो. "दहापर्यंत चालतं. पास आहे."

पास होता. हे मी तुम्हाला मुद्दाम लिहितोय. कागदावरच्या नियमानं तो क्रेट पास होता, आणि मी तिथं थांबलो असतो तर मला कुणी खोटारडा म्हटलं नसतं. बायको दारात चहाचा थर्मास घेऊन उभी होती, तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

"आता काय राहिलंय?" ती म्हणाली.

"पाय राहिलाय."

इंजिनिअरला समजेना. मी त्याला सांगितलं की साडेसात फुटांवरचा क्रेट उतरवायला आमच्याकडचा हमाल शिडी आणत नाही. तो शेजारच्या बुटक्या चळतीच्या कडेवर मधोमध पाय ठेवतो, चढतो आणि वरचा उचलतो. लांज्याला जा, पावसला जा, कुठल्याही वखारीत हेच दिसेल. तो हसला. "काका, क्रेट चढण्यासाठी नसतो. आपण त्यावर छापू ना, पाय ठेवू नये म्हणून. चित्रासकट."

"हमाल चप्पल काढून चढतो," मी म्हटलं. "चित्र त्याच्या तळव्याखाली येणार."

"मग ती त्याची चूक."

मी चप्पल काढली. आबा, त्या क्षणी भीती पडण्याची नव्हती. मला माहीत होतं काय होणार. अकराही क्रेट मीच केले होते, कुठं किती ताकद आहे ते मला बोटांनी माहीत होतं. पाय ठेवला नाही तर क्रेट पास, मोल्ड तयार, आणि पुढच्या सीझनला माझ्या खटक्याचे हजारो क्रेट रस्त्यावर. पाय ठेवला तर नाही. मी माझ्याच वस्तूपुढं एवढा वेळ कधी उभा राहिलो नव्हतो.

"अहो, उतरा," बायको म्हणाली, मी अजून चढलोही नव्हतो.

मी चढलो. लांब बाजू मधोमध आत वाकली, कोपऱ्यातला खटका फटकन सुटला आणि बाजू जशी घडी होताना पडते तशी पडली. पाय अर्ध्या नडगीपर्यंत आत. माझा खांदा मोठ्या चळतीवर आदळला, तिचा खालचा, आधीच फुगलेला क्रेट बसला, आणि वरचे तीन क्रेट इंजिनिअरच्या खुर्चीवर आले. खुर्चीचा एक पाय मोडला. तो अर्ध्या मिनिटापूर्वी फोटो काढायला उठला होता. सगळीकडं वाळू.  मग बायको म्हणाली, "चहा घ्या आता," आणि थर्मासचं झाकण उघडायला लागली.

मला वाटलं, संपलं. पण नाही. आठ दिवसांनी तो परत आला, कागद घेऊन. क्रेट तोच, दोन मिलिमीटरचा, बिनरिबचा. पायाचा प्रकार अहवालात नव्हता, कारण तसली चाचणी कुठल्याच नियमात नाही. माझ्या सहीची जागाही तीच. म्हणाला, "काका, तुम्ही माणूस म्हणून बरोबर आहात. पण धंद्यात एवढ्यानं कुणी थांबत नाही." अगदी समजुतीनं म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

मी नाही म्हणालो. आता गावात कुणी विचारलं तर मी सांगतो, कागद बघितला आणि त्याच क्षणी परत दिला. बायकोलाही तसंच सांगितलंय, आणि ती बिचारी शेजारणींना अभिमानानं सांगते. ते तसं झालं नाही. कागद पाच पानांचे होते. पहिल्या चार पानांवर मी सह्या केल्या, खाली तारीख घातली, अक्षर वळणदार काढलं. पाचव्यावर 'आठ थर' लिहिलेलं होतं, तिथं पेन टेकवून मी किती वेळ बसलो ते त्या इंजिनिअरलाच माहीत, आणि तो चांगला माणूस आहे, कुणाला सांगणार नाही. मग मी पाचही पानं फाडली. तुम्ही असतात तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिता येतंय.

त्यांनी डिझाइनचे सोळा लाख रुपये देऊ केले होते, एकरकमी.