अधिक लागायच्या आत

चैत्र शुद्ध पंचमी, सोमवार

प्रिय वैष्णवी,

जेवली नसशील तर आधी जेव आणि मग हे वाच. पत्र बघून घाबरू नकोस, इथं सगळं बरं आहे. मामांची शुगर तू सांगितल्याप्रमाणं केजला जाऊन तपासली, मागच्यापेक्षा कमी आली. गुळाचा चहा मात्र ते अजून देवळामागं चोरून पितात आणि घरात शिरताना मिशा पुसतात. फोन सोडून ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर मी तुला जेवलीस का विचारते, तू मला गुडघे कसे आहेत विचारतेस, तेवढ्यात वॉर्डातून तुला हाक येते आणि माझ्या तोंडातलं तोंडातच राहतं. सातवीपर्यंत शिकलेय मी. जे बोलायला जमत नाही ते लिहायला जमतंय का बघते.

आज पहाटे नेहमीसारखं देऊळ उघडलं. मामा बारवेवर अंघोळ करून आले, मी झाडू घेऊन मागोमाग गेले. कालचा बेल, सुकलेली फुलं पाटीत भरली, गाभारा धुतला, समईत तेल घातलं. या वेळेचं मला लग्न झाल्यापासून वेड आहे. गावातलं कुणी अजून काही मागायला आलेलं नसतं, त्यामुळं महादेवही जरा निवांत असतो असं मला वाटतं. तुलाही ही वेळ आवडायची. तुझा लग्नानंतरचा पहिला कार्तिक आठवतो का? कोजागरी झाली, काकडा सुरू झाला, आणि तू माझ्याआधी उठून ओल्या केसांनी देवळाच्या पायरीवर बसलेली. काकड्याची वात वळायला घेतलीस आणि तूप असं भिजवलंस की ओघळ कोपरापर्यंत आले. पण भजन सुरू झालं, तू आवाज लावलास, आणि पखवाजावर बसलेला आमचा हरिओम तुझ्याकडं बघता बघता ताल चुकला. मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की पुढं महिनाभर तो मान खाली घालूनच वाजवत होता. घरी आल्यावर मात्र मामा मला हळूच म्हणाले, "पोरगी गोड गाती गं. देवानं दिली आपल्याला."

पुढचा कार्तिक यायच्या आत परळीच्या रस्त्यावर थर्मलच्या राखेच्या गाडीनं हरिओमची मोटारसायकल उडवली. ते मी लिहीत बसत नाही. माझा मुलगा गेला, तुझा नवरा गेला, आणि दोघींनी एकमेकींना ते कधी सांगितलं नाही, नुसत्या एका अंथरुणावर झोपलो. तेराव्याला तुझे चुलते आले. आईबापाच्या माघारी त्यांनीच तुला वाढवलेलं, म्हणून न्यायला आले. पण चल म्हणताना त्यांची नजर दाराकडं होती. तू आत येऊन माझ्या मागं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आत्या, मी इथंच राहते." मामांनी ऐकलं. म्हणाले, "ऱ्हा. पन नुसतं बसून न्हाई ऱ्हायाचं."

त्या वर्षी काकड्याला तू आलीस, पण बाहेरच्या खांबाला टेकून उभी राहिलीस. कुणी काही म्हणायच्या आत तूच स्वतःला बाहेर काढलंस. त्यात चंद्रभागाबाईला राहवलं नाही. ती म्हणालीच, "बरं केलं बाई, आत न्हाई आलीस." मामा गाभाऱ्यात होते. पेटलेला काकडा घेऊन ते उंबऱ्याबाहेर आले आणि सगळ्यांदेखत तुझ्या हातात दिला. "ओवाळायचं देवाला हाय," म्हणाले. "देव बाईचं कपाळ बघत न्हाई, ते आपलं काम हाय." तू पुढं होऊन ओवाळलंस. चंद्रभागाबाईनंच पुढं आरती म्हणायला सुरुवात केली. ती वाईट नाही, तिची जीभ तिच्या ताब्यात नाही, एवढंच.

मग मामांनी तुला एसटीनं अंबाजोगाईला नेलं, नर्सिंगला नाव घातलं. परत आले तेव्हा पिशवीत तुझी ओढणी राहिलेली. मी ती धुतलीच नाही, पुढच्या खेपेला तू आलीस तेव्हा तशीच दिली. तू नर्स झालीस, नोकरीला लागलीस. दर अमावास्येच्या आसपास सुट्टी काढून येतेस, औषधं आणतेस, माझे पाय चेपतेस, मामांना रागावतेस. कितीदा वाटतं, पोटच्या पोरीनं याहून वेगळं काय केलं असतं?

आता जे सांगायला बसले ते सांगते.

फाल्गुनात एका सोमवारी पहाटे एक अनोळखी माणूस देवळात आला. तिशी उलटलेला, सावळा, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. दर्शन घेतलं, कोपऱ्यात बसला. मी बारवेवरून पाण्याची कळशी आणत होते, तर उठून माझ्या हातातून घेतली. "मावशी, पायऱ्या निसरड्या हायत, तुमी बसा," म्हणाला. अभिषेकाचं सगळं पाणी त्यानं आणलं, तीर्थ घेतलं आणि गेला. पुढच्या सोमवारी परत आला, परत पाणी आणलं. मला वाटलं, कसला तरी नवस असेल. तिसऱ्या सोमवारी मामांनी विचारलं, "पाव्हणं, कुठलं म्हनायचं तुमी? आन सोमवार कशाचा धरलाय?" तो हात पुसत उभा राहिला. म्हणाला, "बाबा, सोमवार धरलेला न्हाई. मी अंबाजोगाईला दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला हाय. वैष्णवी सिस्टरला मी लग्नाचं विचारलं. त्या न्हाई म्हनल्या. म्हनल्या, माझ्या मागं दोन मानसं हायत, त्यांना सोडून मी कुठं जानार न्हाई. त्या ज्यांच्यासाठी न्हाई म्हनतात, ती मानसं मला बघायची व्हती. सांगायला उशीर केला, माफ करा."

मामांच्या हातात बेलाचं पान होतं. ते तसंच हातात राहिलं. त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" तो म्हणाला, "हनुमान." मामांनी एकदा देवाकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "नाव हनुमान, आन लग्नाचं बोलायला आलाव," म्हणाले आणि गाभाऱ्यात निघून गेले. तो बिचारा हसावं का निघावं या विचारात उभाच. शेवटी मीच त्याला चहा दिला. आईबरोबर राहतो म्हणाला. आईचं नाव कडूबाई, पण स्वभाव तसा नाही, हेही त्यानंच सांगितलं.

वैष्णवी, खरं सांगते, त्या दिवशी मला तो आवडला आणि त्याचा रागही आला. घरी येऊन तुझी खोली झाडली. झाडायला काही नव्हतं, तरी झाडली. हरिओमच्या फोटोसमोर बसले. मनात आलं, ही गेली की अमावास्येला दाराकडं बघायचं कुणासाठी? मग आठवलं, गेल्या दिवाळीत तू तुळशीजवळ उभी राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होतीस आणि हसलीस. किती वर्षांनी तू तशी हसलीस. मला आतून बाहेर यायचं होतं, पण मी आतच थांबले, तुझं हसू मोडू नये म्हणून. कोण असेल हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मामा मात्र गप्प. जेवताना गप्प, पूजेत गप्प. मी विषय काढला की पंचांग उघडून बसायचे. त्यांचं मन पंचांगातही नव्हतं, हे गावाला कळलं ते म्हाळूआप्पांमुळं. म्हाळूआप्पा विचारायला आले, "गुरव, उद्या काय हाय?" मामा म्हणाले, "दशमी." म्हातारा दुसऱ्या दिवशी भाकरी-कांदा खाऊन केजच्या बाजाराला गेला, तिथं सगळे उपासाचं खाताना दिसले. एकादशी होती. वर्षानुवर्षं न मोडलेला उपास मोडला म्हणून तिथून तरातरा देवळात आला आणि मामांना म्हणाला, "राधाकिशन, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?" मामांनी त्याचे पाय धरले. म्हाळूआप्पाच ओशाळला. ज्या माणसाला झोपेतून उठवून तिथी विचारली तरी चुकत नाही, त्याचं असं झालं. तेव्हा मला कळलं, हे गप्प आहेत म्हणजे रागावलेले नाहीत. हे पोरीला वाटे लावायची मनाची तयारी करतायत.

मग पाडवा आला. पूजा झाली, कडुनिंब वाटला, आणि मामा नव्या पंचांगाचं वाचन करायला ओट्यावर बसले. सगळं गाव जमलेलं. पाऊस किती, धान्य कसं, सगळं सांगून झालं आणि म्हणाले, "यंदा ज्येष्ठ अधिक हाय. वैशाख सरला की धोंड्याचा महिना." बायकांमध्ये लगेच गलबला. कुणाला दोन जावई, कुणाला चार, कुणाच्या जावयाला ताट द्यायचं, कुणाला कपडे. मी आपली दिवे पुसत बसलेली. अधिकात आपल्या घरी अनारशांची रास लागते, तुला माहीत आहे. ज्यांना जावई नाही त्या आपलं वाण देवळात आणून आम्हा नवरा-बायकोला देतात. जन्मभर मी दुसऱ्यांच्या जावयांचे अनारसे खाल्ले. स्वतः कुणाच्या हातात वाण ठेवलं नाही. चंद्रभागाबाई नेहमीप्रमाणं बोलून गेली, "गुरवीणबाईला काय घोर न्हाई बगा. ना लेक, ना जावई."

मामांनी पंचांग मिटलं. "लेक हाय की आमाला," म्हणाले. "अंबाजोगाईला दवाखान्यात हाय. जावयाचं तिच्या मनावर हाय. ती हो म्हनली तर यंदा आमच्या घरी बी धोंडे व्हतील."

माझ्या हातातला दिवा निसटून घरंगळत पायरीपाशी गेला. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलणार, सून दुसऱ्याच्या घरी देतात का म्हणून. म्हाळूआप्पा उठले. म्हणाले, "राधाकिशन, ही तिथी मात्र नीट बघून सांग. माझ्या एकादशीगत करू नको." आणि सगळे हसले. चंद्रभागाबाईनं दिवा उचलून माझ्या हातात दिला आणि पदरानं डोळे पुसले. जाताना म्हणाली, "पुरनाला मी येते." मी तोच दिवा परत पुसायला घेतला.

आज सोमवार म्हणून हनुमान परत आले. (आता अहोजाहो करायची सवय लावून घेते आहे.) पाणी आणलं, नेहमीसारखं उंबऱ्याबाहेर ठेवलं. मामा आतून म्हणाले, "बाहेर कशापायी उभे? आत या, आज तुमीच घाला." त्यांनी गाभाऱ्यात येऊन पिंडीवर कळशी ओतली. मामा शेजारी उभं राहून मंत्र म्हणत होते. अभिषेक झाल्यावर म्हणाले, "हे जावई म्हनून न्हाई बरं. त्याचं वैष्णवी ठरवील. तुमी पानी चांगलं आनता म्हनून." हनुमान म्हणाले, "तेवढं बी लई झालं, बाबा." आणि नमस्कार करून केजच्या जीपला गेले.

म्हणून हे पत्र. ते इथं येतात हे तुला माहीत नाही. न सांगता आले म्हणून त्यांच्यावर थोडं चीड, फार नको. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुला ते मनापासून नको असतील तर नाही म्हण. आम्ही पुन्हा नावही काढणार नाही, आणि गावाचं मी बघून घेईन. पण तुझ्या 'नाही'ला आमचं नाव लावू नकोस. आम्ही म्हातारे आहोत, एकटे नाही आहोत. देऊळ आहे, बारव आहे, म्हाळूआप्पा रोज येऊन डोकं खातात. तू आमच्यासाठी थांबलीस तर पहाटे देवासमोर हात जोडताना मला त्याच्याकडं वर बघवणार नाही. आणि तुझं उत्तर हो असेल, तर वैशाखात कळव, अधिक लागायच्या आत, कारण अधिकात लग्नं होत नाहीत आणि पुढच्या धोंड्यापर्यंत मला धीर धरवणार नाही. मामांनी पंचांगात दोन दिवसांवर खुणा केल्यात, विचारलं की म्हणतात, हळदीचा हात लागला असेल. तू ये. एकटी आलीस तरी ये, जोडीनं आलीस तरी ये. घर दोन्ही वेळेला तुझंच आहे. जोडीनं येणार असशील तर फक्त चार दिवस आधी सांग, अनारशाचे तांदूळ भिजत घालायला लागतात.

तुझीच,
माहेराहून,
आत्या