घोड्यावरची खुडूक कोंबडी

पेणच्या अलीकडं, डिसेंबर १९९३

आत्याबाई, सारजा पाया पडती. मेंढरं आन् आमी समदी बरी हाय.

तुमच्या लेकाचा लई राग आलाय. रोज बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, आन् मुक्काम कुठं इचारलं की म्हणत्यात, "चारा दिसंल तितं." मग तुमचं उत्तर यायचं कुठं? शाळेपायी तुमच्याजवळ ठेवलेल्या छकुलीचा ताप उतरला का, ह्ये मला कळायचं कसं?

शेळगावातनं निघताना खुडूक कोंबडी पाटीत अंड्यांवर बसवली, तवा तुमी हसला. घोड्यावर हिंदकळत बसली, पर उठली न्हाय. काल पिल्लं निघाली. छकुलीला सांगा, ती तिचीच.

आई कवा येणार इचारलं, तर उगं उद्या-परवा म्हणू नका. आईलाच ठाऊक न्हाय म्हणा, पर येणार हाय.

तुमची सून,
सारजा