नरसिंह बोलला

डोळखांब, वैशाख १९५८, बुधवार

सुटलो एकदाचा! नाटक पार पडलं आणि मी धडधाकट घरी आलो.

महिनाभर धास्तावलेला होतो. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या देवांच्या सोंगांच्या उत्सवात, नरसिंह लाकडी मुखवटा घालून संबळाच्या तालावर नाचतो, बोलत नाही. मी तोच नरसिंह शाळेच्या अंगणात नाटकात आणला. मुखवटा काढला, नरसिंह होणाऱ्या धर्माचं तोंड रंगवलं आणि त्याला संवाद दिले. मुखवटा त्याच्याच घरचा. त्याचे वडील गोमाबाबा जन्मभर तो घालून नाचले. त्यांना विचारायला गेलो, तर नुसते विडी ओढत राहिले. हो नाही की नाही नाही.

आज ते सगळ्यांच्या पुढे येऊन बसले, मांडीवर नारळ घेऊन. नारळ कशाला? माझी नजर तिथून हलेना. माझ्या टाळक्यात घालायला तर आणला नसेल?

धर्मा खांबाआडून आला, गरजला, आणि बाबा उठले. बाबांनी नारळ त्याच्या पायाशी फोडला, बोहाड्यात देव आला की फोडतात तसाच. पोटच्या पोराच्या पायावर डोकं ठेवलं.

"बोल रे देवा. इतकी वरसं मुका नाचलास."

धर्माच्या डोळ्यांखालचा रंग ओघळला. त्याला पुढचं वाक्य आठवेना. मी वहीत शोधू लागलो, तर पान सापडेना.

शेवटी वाक्य बाबांनीच सांगितलं. धर्मा घरी पाठ करायचा ना! महिनाभर ते विडी ओढत ऐकत होते तर.