साहेबांचं भाषण

प्रिय घड्याळबाई,

नोकरी सोडून माझी काय ऐट चाललीय, विचारत होतीस ना? सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भांडी बाजूला सारायची आणि लिहायला बसायचं. अख्ख्या मजल्याची पार्सलं माझ्याकडे, कारण मी काय, घरीच! कुणी औषधाचं पत्रक लिहून घेतं, कुणी शाळेचं. माझ्या कथा अजून फडताळातच आहेत. तरी मजा येते गं. फक्त शेजारच्या खुर्चीत तू नाहीस. रोज डबा खाताना आपलं ठरलं होतं, आधी मी उडी मारायची, मग तू. या महिन्यात तू राजीनामा देणार होतीस.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. आपल्या विमा ऑफिसच्या समारंभात साहेबांनी भाषणात तुझं कौतुक केलं म्हणून तू रडत होतीस. कुणी गेल्यावर दाव्याचे कागद पाठवण्याआधी तू त्या घरी स्वतः फोन करतेस, जेवलात का म्हणून विचारतेस, नव्या पोरींच्या चुका गुपचूप निस्तरतेस, हे सगळं त्यांनी भर सभेत सांगितलं. इतकी वर्षं वाटायचं, आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही, म्हणालीस. आणि मग, आता राजीनामा नाही देत, अशा माणसाला सोडून कशी येऊ? मी अभिनंदन केलं आणि दूध उतू चाललंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

तेव्हापासून घास गोड लागत नाही. तुला सांगितलं नव्हतं, पण साहेब म्हणजे आता माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते काम हातचं जाईल या भीतीने मी गप्प बसले. शिवाय तुझा आनंद हिरावून घ्यायला जीभ रेटेना. तू इकडे यावीस हा माझा स्वार्थ आहेच, तोही लपवत नाही.

तुला रडवणारं ते भाषण मी लिहिलंय. तू कुठल्या टेबलाशी बसतेस हेसुद्धा साहेबांना माहीत नव्हतं, मला सांगावं लागलं. राहायचं तर खुशाल राहा, पण त्यांच्यासाठी राहू नकोस. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. शेजारच्या खुर्चीतून मी ते रोज बघत होते, आणि तुला एकदाही म्हटलं नाही.

तुझीच,
पळपुटी