शीतलला मारलेली हाक

९ जून, रविवार

या घराची खरी किंमत दलालाला ठाऊक नाही. अर्धा जन्म मागांच्या खडखडाटात गेला. डाव्या करंगळीचं पेर मागाच्या एका पट्ट्यानं नेलं. आणि कारखान्याच्या शेडवरच्या माडीतल्या दोन खोल्यांत पूनमची चार बाळं पोटातच गेली, चौथ्या वेळी पिशवीही काढावी लागली. एवढं मोजल्यावर होटगी रोडच्या आतल्या गल्लीतलं हे शांत घर मिळालं.

आज दूध उतू घालवलं. पूनम दिवसभर हसत होती, मीही सामान उचलणाऱ्या पोरांना उगाच चिडवत होतो. आमच्याबरोबर मायाक्का आहे, पूनमची मावसबहीण. आमचं बाळ तिच्या पोटात आहे. तिचा नवरा होटगीला रेल्वेत, लेक सासूजवळ. कायद्यानं तिला मोबदला देता येत नाही, आणि तिला तो नकोच होता. म्हणाली, दाजी, डोहाळे माझे, बाळ तुमचं. फक्त कडक भाकरी अन् शेंगाचटणी कमी पडू देऊ नगा.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटात आमचा गर्भ एकच सोडला होता. तो आत दुभंगला आणि दोघं झाली. वार मात्र दोघांत एकच, हे सांगताना बाईंचा चेहरा गंभीर होता. मी म्हणालो, बाई, एका मोटरवर दोन माग चालवतच मी वर आलो. त्या हसल्या नाहीत.

इथे किती शांत आहे. शेजारच्या घरातल्या घड्याळाचा काटासुद्धा मला ऐकू येतो. माझे कान म्हणजे काय चीज आहे ते टॉवेलच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. माग दुरुस्त करणारा जॉबर होतो तेव्हा मालक माझ्यावर पैजा लावायचे. चाळीस माग धडधडत असताना डोळे मिटून सांगायचो, कुठला अडखळतोय. एकदाही चुकलो नाही.

२३ जून

मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून मी दोन्हीकडे चालतील अशी नावं काढली: किरण आणि शीतल. सागवानी पाळणेही दोन सांगितले आणि आजच हॉलमध्ये टांगून घेतले.

थोरली बहीण सोनाबाई वेळापूरहून आली होती. तिनं कपाळावर हात मारला. बारशाआधी नाव घेतात का कुणी, आत्यानं कानात कुर्र करायची आणि मग नाव सांगायचं, ही रीत. म्हणाली, नाव म्हंजे हाक असती, बिभ्या. हाक मारली की येणारं येतं. कोण येईल ते तुला ठावं हाय व्हय? मी म्हणालो, आलं तर जेवूनच जाईल. ती जाताना बजावून गेली, रिकामा पाळणा हलवू नगा.

मी दोन्हींना एकेक झोका दिला. कड्या करकरत नाहीत ना, ते बघायला.

१८ ऑगस्ट

शीतलचं हृदय थांबलं.

एकाच वारेवर दोघं, त्यात एकाला रक्त जास्त जात होतं, एकाला कमी. कमीवालं गेलं. बाई म्हणाल्या, काढायचं नाही. काढायला गेलो तर दुसऱ्याला आणि मायाक्काला धोका. आतच सुकेल, बाळंतपणात सोबत येईल. आणखी एक सांगितलं. वार एक असल्यानं जिवंत बाळाचं रक्त गेलेल्याकडं ओढलं जाऊ शकतं. लक्ष ठेवायला हवं.

पूनम रडली नाही. गाडीत बसल्यावर तिनं पदराचं टोक दातात धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही. चार वेळा मी मान खाली घालून दवाखान्यातून बाहेर आलो आहे. पाचव्यांदा नाही. सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघून कुणी सांगितलं म्हणून माझं लेकरू मी सोडून देणार नाही.

२० ऑगस्ट

दाजीनं मेहुणीच्या पोटाशी तोंड नेणं बरं दिसत नाही. म्हणून मोबाइलवर माझा आवाज भरला: कुर्रर्र, शीतल. सोनाबाईला आधी फोन केला होता. आत्या म्हणून तूच कर म्हटलं. तिनं फोन ठेवून दिला. मग मीच आत्या झालो.

रोज सकाळी चहा झाला की पूनम मोबाइल मायाक्काच्या पोटाला लावते. मी पडद्याच्या अलीकडं बसतो. मायाक्का म्हणाली, दाजी, गेल्यालं बोलावू नगा, आत लई गार वाटतंया. मी म्हणालो, गोधडी घे.

१ सप्टेंबर

बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र आणलं. पूनम फिरवते, मी पडद्याआडून ऐकतो. पूनमला ठोके एकाचेच ऐकू आले. मला दोघांचे. दुसरे मागून येणारे, पहिल्याच्या पावलावर पाऊल टाकणारे.

मायाक्काला घेऊन तसाच बाईंकडं गेलो. पडद्यावर हलणारं हृदय एकच. म्हणाल्या, आईची नाडी ऐकली असेल. बाई, नाडी सावकाश चालते, हे मला कळतं. मी घरी आलो आणि हाक दोन वेळची केली.

१५ सप्टेंबर

रेकॉर्डिंगमध्ये माझ्या आवाजानंतर आणखी एक कुर्र आहे. बारीक. ओठ अजून नीट न जमलेल्या तोंडाची.

ती मी भरलेली नाही.

पूनमला ऐकू येत नाही. मला आनंद झाला, हे खरं लिहितो. आनंदच झाला.

२९ सप्टेंबर

किरणचं वजन वाढत नाही. बाई म्हणाल्या, रक्त कुठंतरी जातंय. मायाक्काची नखं पांढरी पडलीत. भाकरी पुढं ठेवली तर नुसती बघत बसते. ती मला वाईट बोलली नाही. म्हणाली, दाजी, तुमी एकाला बोलावता अन् दुसरं बारीक व्हतंया.

रेकॉर्डिंग पुसलं. हरलो म्हणून नाही. किरण जगायला हवी किंवा हवा, एवढंच. शीतल, बाबा, आता जा.

६ ऑक्टोबर

भर दुपारी पंखा बंद असताना दुसरा पाळणा हलत होता. त्यातून माझाच आवाज आला. कुर्रर्र.

पण पुढचं नाव शीतल नव्हतं.

किरण.

मी बोलावलं तसं आता ते बोलावतंय. मी पाळण्याची दोरी धरून उभा राहिलो आणि म्हणालो, माझी भाषा मलाच शिकवतोस व्हय.

२८ ऑक्टोबर

मायाक्काचं ऑपरेशन करावं लागलं. किरण. मुलगी. ओंजळीएवढी, पण रडली. काचेच्या पेटीत ठेवलंय.

दुसरं जे आलं ते कागदासारखं होतं. मीच पुरलं. वर दगड ठेवला, मोठा.

२४ नोव्हेंबर

मायाक्का सावरली, आज नवऱ्याबरोबर होटगीला गेली. पूनमला मिठी मारली. दारात थांबून मला म्हणाली, ती गेल्याली हाक मारंल. ओ देऊ नगा, अन् पोरीला देऊ देऊ नगा. वार एक व्हती दाजी, जागाबी एकच. दोघी म्होरं आल्या तर जिला पयलं उचलाल ती ऱ्हाईल.

महिन्याची पोर कशी ओ देईल, असं मी विचारलं नाही.

१ डिसेंबर

किरण घरी आली. हातावरचा दवाखान्याचा पट्टा पूनमनं कापला, मनगटावर वळ राहिलाय. दुसरा पाळणा मी आधीच उतरवून कारखान्यात धाडला. हॉलच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं बोललो: घर माझं, लेक माझी, पाच दिली, सहावं देत नाही. बोलाव किती बोलावतेस.

पूनम म्हणाली, अहो, हळू, ती दचकते.

३ डिसेंबर

पाळणा नाही. तरी रिकामी कडी हलते.

कारखान्यात फोन केला. म्हणतात, मालक, पाळणा इथं आलाच नाही.

५ डिसेंबर

परत टांगलेला —

सोडवला. जाळला अंगणात. सागवान जळताना ओल्या दुपट्याचा वास —

किरण झोपेत ओठ हलवते. मी तिच्या कानांवर तळवे धरून बसतो. पूनम आणि मी आळीपाळीनं. येऊ दे. मी आहे.

६ डिसेंबर, दुपार

पूनम अंघोळीला. मी दूध कोमट करायला आत. तेवढाच वेळ —

कुर्रर्र, किरण.

आणि कुणीतरी ओ दिली.

बाहेर आलो. पाळणे दोन. दोन्हींत —

तेच नाक. मनगटावर तोच वळ. दोघी रडतायत, श्वास घ्यायलासुद्धा एकदम थांबतात —

पूनम आली. तिला दोघी दिसतात. पहिल्यांदाच तिलाही. हात पुढं केला तिनं, मीच अडवला. जिला पयलं उचलाल —

लिहितोय, कारण हात मोकळे ठेवले तर मी —

आवाज बारीक होत चाललेत. दोन्ही. थांबून चालणार नाही. पूनम म्हणते, अहो, डोळे मिटा. ऐका. चाळीस मागांतून तुम्ही —

मिटले. ऐकलं.

मला ओळखू येत नाही