प्रकरण नववे : भाकरी जोडणे

सर, तुमचं ते पुस्तक शेवटी माझ्या हाती आलं. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली. आता तुमच्या घरचं कपाट आवरताना तुमच्या मुलीला सापडलं. वर माझं नाव लिहिलेलं, म्हणून ती पुण्याला आणून देऊन गेली. वर्तमानपत्राचं तेच कव्हर, तेलाचे तेच डाग. जादूच्या प्रयोगांवरचं हे इंग्रजी पुस्तक. त्याला 'अभिजात' म्हणणारे अख्ख्या श्रीगोंद्यात तुम्ही एकटेच. बाजारातल्या जादूच्या चोपड्यांना तुम्ही हातही लावत नसायचात. "बाई, जिच्यातून हातचलाखी कळते ती चोपडी. ज्यातून समोरचा माणूस कळतो ते अभिजात," असं म्हणायचात, पाठमोरे होऊन पुस्तक उघडायचात आणि लगेच मिटायचात. मला एक पान कधी दिसू दिलं नाहीत. एवढं तर माझ्या सासूबाईंनी दागिन्यांनाही जपलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ होता आणि माझ्या नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. शाळेत मी एकटीच बाई, त्यात आवाज बारीक. मी फळ्याकडे वळले की नववीच्या वर्गात मागून कोंबडा आरवायचा. राजीनाम्याचा अर्ज लिहून मी पर्समध्ये घेऊन हिंडत होते, पण मुख्याध्यापकांच्या, म्हणजे तुमच्या, टेबलावर ठेवायचं धैर्य होत नव्हतं. अशात तुम्ही मला बोलावून सांगितलंत, की शाळेच्या संमेलनात जादू मी करायची. दुष्काळी कामावर खडी फोडणारे आईबाप येणार, त्यांना घटकाभर हसू दे. मी म्हटलं, "सर, वर्ग हसतो तेवढं पुरे नाही का?" तुम्ही ऐकलंच नाहीत. "आधी फाडायला शिकू. कागद आहे?" पर्समध्ये कागद तो एकच. काय व्हायचं ते होऊ दे म्हणून मी तोच पुढे केला. तुम्ही तो सावकाश वाचलात, चष्मा पुसलात आणि टराटरा फाडून चार तुकडे माझ्या हातात ठेवलेत. "हे प्रकरण आठ. जोडायचं नवव्यात आहे." अर्ज मात्र मला अजून जोडून मिळालेला नाही.

प्रकरण नववं म्हणजे भाकरी. तिचे दोन तुकडे करायचे, फडक्याखाली धरायचे आणि अख्खी बाहेर काढायची. अख्खी आधीपासूनच पदराआड दडवलेली. मी विचारलं होतं, विलायती पुस्तकात भाकरी कुठून आली? "मुळात पाव आहे." आणि पदर? "मुळात कोटाची बाही. बाई, भाषांतर म्हणतात ते यालाच." पंधरा दिवस माझ्या पातळांना बाजरीच्या पिठाचा वास येत होता.

संमेलनाच्या दिवशी मी उभी आहे, मागच्या बाकांवरून कोंबडा आरवतो. मी भाकरी मोडते, फडकं टाकते, अख्खी काढते. टाळी नाही. पुढे बसलेली एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणते, "दोनाची एक केलीस व्हय गं बाई? ही जादू आमच्या घरी रोजच व्हती. एकाच्या दोन करून दाव की!" सगळं मैदान हसतं. आता उद्यापासून शाळेत तोंड दाखवायला नको, हेच माझ्या मनात येतं. तेवढ्यात तुम्ही शांतपणे स्टेजवर येता, "फडक्याला पीठ लागलंय बाई," म्हणत ते माझ्या हातून घेता, झटकता, भाकरीवर पसरता आणि मला म्हणता, "काढा." मी फडकं उचलते. दोन भाकरी! दुसरीवर लसणाची चटणी. म्हातारी उठून उभी राहते. "अगं, हिच्या जादूत चटनी बी हाय!" मैदान पुन्हा हसतं, पण या वेळी माझ्या बाजूनं. दोन्ही भाकरी मी तिच्या ओटीत घातल्या. तुमचा डबा त्या दुपारी रिकामा होता हे मला शिपायाकडून कळलं. तुम्ही फक्त म्हणालात, "ते प्रकरण दहावं." दुसऱ्या दिवशी नववीत कोंबडा आरवला तेव्हा मी न वळताच म्हटलं, "चटणी आणलीस का रे?" त्यानंतर मी चौतीस वर्षं शिकवलं.

आता पुस्तकाचं सांगते. पहिली सात प्रकरणं तुम्ही वाचून झिजवली आहेत: लोकांसमोर उभं कसं राहायचं, फजिती झाली तर काय करायचं. समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा. पण आठव्यापासून पुढची पानं कडेला जोडलेलीच आहेत, छापखान्यातून आली तशी, सुरी न लागलेली. मी नववं तेवढं कापून पाहिलं. त्यात टोपीतला ससा आहे. पाव नाही, बाही नाही. सर, खोटं किती बोलावं माणसानं!

हे पत्र दहाव्या प्रकरणाच्या न कापलेल्या पानांत घालून ठेवते, त्याला दुसरा पत्ता नाही. एक कबूल करायचं राहिलं. भाकरीची ही जादू मीच शोधली, असं मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक शाळेत सांगत आले. कुणा परक्या साहेबाची आहे म्हणून चोरताना मला कधी काही वाटलं नाही. तुमची होती हे कळल्यापासून चार दिवस जेवायला बसले की भाकरी मोडवत नाही.